ओ न देता आलेले हात

गोष्ट पाहिजे ना? मग आधी ते मोबाइल पालथे घाला. आणि मध्येच "खरंच का हो काका?" असं विचारायचं नाही. ज्याच्यावर बेतली तो माणूस धडधाकट जिवंत आहे. माझ्या सायकलच्या दुकानाला लागूनच त्याचा गाळा. तीस वर्षं एकाच किटलीतला चहा प्यालोय आम्ही. त्याने जेवढं सांगितलं तेवढंच सांगतो, पदरचं काही घालत नाही. घालायची गरजही नाही.

त्याला सगळे मोटारवाला म्हणतात. विहिरीवरचा पंप बिघडला की आत माणूस उतरवायचा, मोटार साखळीने वर काढायची, दुरुस्त करून पुन्हा सोडायची, हा त्याचा धंदा. तोंडाने भारी फटकळ. देवाचा विषय निघाला की म्हणायचा, "तो वरचा मिस्त्री ना? कामाला चोख आहे म्हणतात, पण फोन उचलत नाही." त्याच्या हाताखाली दोघं होते. एक गडी, कामावरचा तिसरा माणूस म्हणून त्याला 'तिसरा'च म्हणायचे, आणि एक धाकट्या बहिणीचा नवरा. घरात त्याला "अहो दाजी" आणि विहिरीवर "अरे गाढवा". दाजीही काही कमी नव्हता. चाळीस फूट खालून वरच्याची टिंगल करायचा. म्हणायचा, "दादा, तुला खालून बघितलं की फार बरा दिसतोस. नुसता ठिपका."

या धंद्यात एक नियम आहे. तो नीट ऐका, पुढचं सगळं त्याच्यावर आहे. खालच्याने हाक मारायची. वरच्याने आधी ओ द्यायची, मगच दोर हलवायचा. मदतीला आणखी कुणी येऊन दोर धरला, तर त्यानेही आधी ओ द्यायची. मुकाट्याने दोराला हात लावायचा नाही. कारण साधं आहे. ज्याने ओ दिली, त्याला "बास" म्हणून थांबवता येतं. जो बोललाच नाही, तो कुठल्या हाकेने थांबेल ते कुणाला ठाऊक? मोटारवाल्याच्या उस्तादाने हे त्याला कानाखाली वाजवून शिकवलं होतं.

तर, गेल्या वर्षीची गोष्ट. मार्चची एकवीस तारीख, शुक्रवार. रात्री नऊच्या सुमाराला गावाबाहेरच्या बंगल्यातून एका मास्तरीणबाईंचा फोन आला. पंप बंद पडला होता. नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला, दिवसातून चार वेळा चादरी धुवायच्या, आणि नळाला थेंब नाही. बाईंनी आयुष्यभर पोरांना दटावलेलं, त्यांना विनवणी करायची सवय नव्हती. नुसतं म्हणाल्या, "आज जमलं तर बघा." त्यावर याला नाही म्हणवेना.

तिसरा गडी तापाने फणफणला होता. बहिणीच्या घरून दाजीला घ्यायला गेला तर बहीण दारातच उभी.

"दोघंच जाताय? मग सकाळी जा की."

"सकाळी दुसरी कामं आहेत."

"तिसरा माणूस नसला की उतरायचं नाही, असं तूच सांगतोस ना रे सगळ्यांना?"

"अगं, तुझा नवरा काय हत्ती आहे? एका हाताने काढीन," मोटारवाला म्हणाला. "बारापर्यंत आणून देतो. नीट बघून ताब्यात घे."

दाजी चपला घालत हसला. ती हसली नाही. पण तिने अडवलंही नाही, आणि त्याचा जाच ती आजही स्वतःला करून घेते.

बंगल्याच्या मागच्या अंगणात विहीर. पंचेचाळीस फूट खोल, चिरेबंदी, आत उतरायला लोखंडी पायऱ्या. मार्च महिना, त्यामुळे पाणी छातीइतकंच उरलेलं. मास्तरीणबाईंनी मागचा दिवा लावून दिला आणि कानातलं यंत्र काढून दाखवलं. "रात्री मी हे काढून ठेवते. काम झालं की दार वाजवू नका, मला ऐकू येणार नाही. फाटक तेवढं ओढून घ्या." आत गेल्या. बाजूला घर नाही. दोन्हीकडे रिकामे प्लॉट.

विहिरीच्या तोंडावर लोखंडी तिपाई उभी केली, तिला वर कप्पी. दोराचं एक टोक दाजीच्या काखांखालून छातीला बांधलं, दोर कप्पीवरून घेतला आणि मोटारवाल्याने कमरेला एक वेढा देऊन धरला. मोटार काढायची साखळी वेगळी. दाजी पायऱ्यांनी उतरायचा, दोर नुसता जपणुकीला. पावणेअकराला तो उतरला.

"दादा!"

"ओ!"

"सैल सोड."

"सोडला."

असं चाललं होतं. खाली पान्ह्याची टकटक. मध्येच दाजीने खालून शीळ घातली, याने वरून शिवी घातली. अकरा वाजून पाच मिनिटांनी साखळीची पकड निसटली. मोटार पाइपासकट खाली बसली, ती दाजीच्या मांडीवर.

तो ओरडला. पुढे नुसतं पाणी खळबळलं. तो आवाज मोटारवाल्याने आधीही ऐकलेला होता. माणूस पाण्याखाली जातोय. त्याने काही विचार केला नाही, जीव खाऊन दोर ओढला. दाजीचा पाय मोटारीखालून कसा सुटला देव जाणे, पण सुटला. हात… हात… आणखी हात. दाजी पाण्याबाहेर आला, पंधराएक फूट वर आला. आणि तिथे मोटारवाल्याचं बळ संपलं.

एका कप्पीवरून भरला माणूस एकट्याने ओढून बघा कधी. त्याने टाचा कठड्याच्या दगडाला रोवल्या आणि नुसता धरून राहिला. मांडीचं हाड मोडलेलं, त्यामुळे दाजीला पायऱ्या चढणं शक्य नव्हतं. सोडावा, तर खाली सरळ मोटारीवर.

"दादा…"

"ओ! धरलंय रे. धरलंय."

काय गं? फोन? अगं, फोन होता की. मागच्या खिशात. दोन्ही हात दोरावर होते. एक हात काढला असता तर दोर गेला असता. आणि तुला सांगू? तो फोन वाजला. अकरा वाजून दहा मिनिटांनी. बहिणीसाठी त्याने निराळी रिंग लावलेली होती, त्यामुळे न बघताच कळलं. वाजून वाजून थांबला. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदा वाजला, तेव्हा खालून दाजी म्हणाला, "तीच असेल. सांग, येतोय म्हणून."

मग मोटारवाल्याने हाका मारायला सुरुवात केली. आधी मास्तरीणबाईंना. मग रस्त्याच्या दिशेने. मग ज्याची आयुष्यभर टिंगल केली त्या देवाला. ज्या ज्या नावाने ओळखतात त्या त्या नावाने. मग आईला. ती जाऊन अकरा वर्षं झालेली. मग उस्तादाला. तोही गेलेला. एकेकाचं नाव घ्यायचा, थांबायचा, कान द्यायचा. धंद्याची सवय. ओ येते का बघायची.

कुणाची आली नाही.

आणि खालून त्याला हाका येत होत्या. "दादा… दादा…" मला तो म्हणाला होता, "काका, मी वर बघून ओरडत होतो आणि तो माझ्याकडे बघून ओरडत होता. त्याचा देव मीच होतो. आणि मला काही येत नव्हतं." हे सांगताना तो रडला. मी त्याला त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

अकरा वीसला दोर त्याच्या तळव्यातून बोटभर सरकला. मग आणखी बोटभर. तळव्याचं कातडं गेलं होतं. आणि तेव्हा तो ओरडला,

"कुणीही असा! कुणीही! या… ओढा!"

नाव नाही. गाव नाही. नुसतं, कुणीही.

अंगणात वारा नव्हता. एक क्षण गेला असेल. आणि दोर हलका झाला.

पाठीमागून कुणीतरी धरला होता. कमरेमागे लोंबणारा दोर ताठ झाला, आणि ओढ लागली. एकसारखी. सावकाश. सरावाच्या हाताने ओढतात तशी. मोटारवाल्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. वाटलं, रस्त्यावरून कुणीतरी आलं. वाटलं, मास्तरीणबाईंनी कुणाला धाडलं. ओढणाऱ्याने वळून बघायचं नसतं, नजर विहिरीच्या तोंडावर ठेवायची असते. त्याने ठेवली.

पण त्याने ओ मागितली नाही.

आयुष्यभर ज्या नियमावर इतरांना शिव्या दिल्या, तोच विसरला. आनंदात विसरला. पोरांनो, मी त्याला दोष देत नाही. तुम्हीही विसरला असता.

दाजी वर येत होता. एक फूट… दोन फूट…

"दादा, तिसरा आला का रे?"

"हो," मोटारवाला म्हणाला. "आलाय. घाबरू नकोस."

"ताप उतरला वाटतं त्याचा." दाजी हसायचा प्रयत्न करत होता.

डोकं वर आलं. दिव्याच्या उजेडात चेहरा दिसला. पांढराफटक. दाजीने हात पसरले, कठडा धरला. बोटं दगडावर टेकली.

"बास! बास, दादा. आलो."

"बास!" मोटारवाल्याने मागच्याला सांगितलं.

दोर थांबला नाही.

"अरे बास! आला तो! थांबा!"

दाजीची बोटं दगडावरून सुटली. छाती वर. कंबर वर. तो कठड्याच्या वर लोंबकळायला लागला, मोडका पाय हलत होता.

मोटारवाल्याने दोर सोडला. दोन्ही हात सोडले. कमरेचा वेढा काढून टाकला.

दोर तरीही चाललाच होता. त्याच्या डोळ्यांसमोरून. सावकाश. एकसारखा.

तेव्हा तो वळला.

दोर अंगणावरून सरळ मागे गेला होता. छातीइतक्या उंचीवर, ताठ. दिव्याचा उजेड आठ-दहा पावलांपर्यंत होता. तिथवर दोर दिसत होता. धरणारं कुणी दिसत नव्हतं. पुढे अंधार.

"कोण आहे?"

…

"कोण आहे तिकडे? ओ द्या!"

…

"थांबा… पाया पडतो… थांबा…"

दोर चालत होता. हात… हात… हात…

वर दाजी कप्पीला भिडला. पुढे जायला जागा नव्हती. काखांखालचा फास आवळायला लागला. तिपाई करकरली. दाजीचं तोंड उघडं होतं, आवाज नव्हता. छातीतून काहीतरी मोडल्याचा आवाज आला. बारीक. मग आणखी एक.

मोटारवाल्याने तिपाईवर चढून त्याचे पाय धरले. वर उचलले. दोराने तेवढी ढील लगेच खाऊन टाकली.

मग आठवलं. पट्ट्याला सुरी होती. वायर सोलायची. त्याने ती काढली. दाजीला ओढून कठड्याबाहेर घ्यावं आणि मग कापावं, म्हणून एका हाताने त्याच्या शर्टाला धरून ओढलं. हलेना. ज्याने तो दोर धरला होता त्याच्यापुढे हा म्हणजे पोर. शर्ट फाटला.

दाजीने सुरी पाहिली. आणि मान हलवली. नको म्हणून. एकदा. दुसऱ्यांदा. डोळे याच्यावर होते.

आणखी एक फासळी वाजली.

मोटारवाल्याने दोर कापला.

ताणलेला दोर. सुरी नुसती टेकली आणि सुटला.

…

पंचेचाळीस फूट. तो आवाज त्याने मला सांगितला नाही. मीही विचारला नाही.

त्याने विहिरीत डोकं घातलं आणि हाका मारत राहिला, किती वेळ ते त्यालाही ठाऊक नाही. खालून ओ आली नाही. मागे वळला, तर कापलेला दोर अंगणात पडलेला होता, सरळ रेषेत, फाटकापर्यंत. फाटक आतून बंद होतं, त्याने स्वतः लावलेलं. खिशातला फोन वाजायला लागला. बारा वाजले होते. बहिणीला बाराचा शब्द दिला होता ना.

कागदावर अपघात लिहिला गेला. पोलिसांनी कापलेलं टोक पाहिलं, याने सांगितलं की अडकला होता म्हणून कापला. त्यांनी मान डोलावली. असं होतं म्हणाले या कामात. खरं त्याने एकट्या बहिणीला सांगितलं. अंत्यविधी उरकून सगळे गेल्यावर, स्वयंपाकघरात बसून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. वाटलं, तोंडावर थुंकेल. वेडा ठरवेल. खुनी म्हणेल. तो त्याला तयार होता. खरं तर त्याला तेच पाहिजे होतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्यांनी 'नको' म्हटलं होतं?"

"हो."

"तरी कापलास."

"हो."

"आणि ते… जे आलं होतं… ते खरंच आलं होतं?"

"तुझ्या गळ्याची शपथ."

त्यावर ती काय म्हणाली ऐका. म्हणाली, "मग दादा, त्यालाच पुन्हा बोलाव. तुम्ही वर काढलात तो नुसता देह, हे अजून खालीच आहेत. सांग, यांना वर काढ म्हणून."

मोटारवाल्याने समजावलं. रागावला. हात जोडले. तिचं आपलं एकच. "तुझ्या हाकेला येतं ना? मग मार की हाक. मास्तरीणबाईंसाठी मोटार काढायला गेलास, आता माझ्यासाठी एवढं कर." रोज. तो डबा घेऊन जायचा, आणि ती ताटावर बसून तेच म्हणायची. शांतपणे. ओरडली असती तर बरं झालं असतं. शेवटी शेवटी तो दारात डबा ठेवून परत यायला लागला.

तिकडे मास्तरीणबाईंनी विहीर बुजवून टाकायची ठरवली, पण एवढी माती आणायची कुठून? मग सबंध तोंडावर काँक्रीटचा स्लॅब बसवला. वीतभर जाड. तयार स्लॅब क्रेनने आणला, नऊ माणसांनी हात लावून बसवला, कडेने सिमेंट भरलं. घराला नळाचं पाणी घेतलं. झालं, विहीर संपली.

मेच्या दोन तारखेला, तोही शुक्रवारच, बहीण संध्याकाळी एकटीच त्या बंगल्यावर गेली. मास्तरीणबाईंना वाटलं, नवऱ्याची आठवण काढायला आली असेल. खिडकीतून त्यांना ती दिसत होती. स्लॅबवर बसलेली, तोंड आभाळाकडे केलेलं. ओठ हलत होते. बाईंचं यंत्र कानात नव्हतं, त्यामुळे काय म्हणत होती ते ठाऊक नाही. अंधार पडल्यावर उठली आणि गेली.

रात्री साडेनऊला ती मोटारवाल्याच्या गाळ्यात आली. मी शेजारीच शटर ओढत होतो. हे मात्र मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे.

"तू नाही मारलीस," ती म्हणाली. "मी मारली."

त्याच्या हातातला पान्हा खाली पडला. "कुणाला मारलीस? देवाला ना? नाव घेतलंस ना?"

"नाव कशाला? तू घेतलं होतंस? मी म्हटलं, कुणीही या, आणि माझ्या माणसाला वर काढा."

"काय बोललीस ग तू हे… ओ आली?"

"नाही."

"नीट आठव. काहीतरी आवाज… कुणी काही…"

"सांगितलं ना, नाही."

मला वाटलं, त्याला बरं वाटेल. ओ नाही, म्हणजे कुणी आलं नाही. पण त्याने तिला तेच आणखी तीनदा विचारलं. त्याला ओ यायला हवी होती. कुणाचीही. ओ आली असती, तर "बास" म्हणता आलं असतं.

सकाळी सहाला मास्तरीणबाईंचा फोन. आधी त्याला काही समजेना, कारण बाई भलत्याच हळू बोलत होत्या. मग 'विहीर' आणि 'उघडी' एवढे दोन शब्द कळले, आणि तो धावत सुटला. बंगल्यावर नाही, बहिणीच्या घरी. दार सताड उघडं. बहीण उंबऱ्याकडे तोंड करून बसलेली. अंगावर धुतलेली साडी, केस विंचरलेले. बाजूला दोन पेले पाणी भरून ठेवलेलं.

"अजून आले नाहीत," ती म्हणाली. "पाय मोडलाय ना त्यांचा. वेळ लागणारच."

आजतागायत ती दाराला कडी लावत नाही. मोटारवाला रोज रात्री जाऊन समोरच्या ओट्यावर बसतो, उजाडेपर्यंत. काय येईल आणि आलं तर काय करायचं, ते त्याला ठाऊक नाही. धंदा त्याने सोडलाय.

स्लॅब मी स्वतः जाऊन पाहिला. विहिरीवरून निघालाय. कडेचं सिमेंट फुटलंय, पण स्लॅबला ओरखडा नाही, जमिनीवर चाकाची खूण नाही. कुंपणाच्या भिंतीला टेकून उभा करून ठेवलाय, अलगद. परत बसवायला क्रेन आणली होती, ड्रायव्हरने लांबून पाहिलं आणि निघून गेला.

स्लॅबची जी बाजू विहिरीवर पालथी होती, ती भर उन्हात असते. मी तिच्यावर तळवा ठेवून पाहिला. मे गेला, वर्ष गेलं. अजून ओली आहे.